परसातल्या टाकीत उष्णकटिबंधीय वॉटर लिली: बेळगाव भागासाठी लागवडीचा क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरापुढे सिमेंटची टाकी बांधून किंवा मोठा टब ठेवून वॉटर लिली लावणारे पुष्कळ आहेत, आणि पहिल्याच वर्षी निराश होणारेही कमी नाहीत. तक्रारी ठरावीक असतात. रोप आणले तेव्हा त्यावर फूल होते, नंतर एकही आले नाही. पाणी हिरवेगार झाले. पाने लहान होत गेली. डिसेंबरात झाड बसले ते उठलेच नाही. या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा क्रमात असते. नर्सरीत फूल आवडते, रोप घरी येते, आणि मग ते बादलीत ठेवून टाकी, माती आणि पाणी यांची धावपळ सुरू होते. खरे तर रोप सर्वांत शेवटी यायला हवे, म्हणून पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि ते त्याच क्रमाने पार पाडावेत.

हा लेख केवळ उष्णकटिबंधीय लिलींविषयी आहे. त्यांची पाने पाण्यावर पसरतात, पानांच्या कडा बहुधा दातेरी असतात आणि फूल पाण्याच्या वर दांड्यावर उभे राहते. थंड प्रदेशांतल्या लिलींचे फूल सहसा पाण्यावर टेकलेले असते, त्यांचा कंद आडवा वाढतो आणि त्यांची लावणीही वेगळी असते. कमळ तर निराळीच वनस्पती आहे. त्याचे पान गोल, देठापाशी चीर नसलेले असते आणि पाण्याच्या वर छत्रीसारखे उभे राहते. या तिन्हींच्या सूचना एकमेकींत मिसळल्यामुळेही बरीच रोपे वाया जातात.

टप्पा १: कालगणना आधी ठरवा

या लिलीला कोमट पाणी लागते. पाण्याचे तापमान सलग २१ अंश सेल्सिअसच्या वर राहू लागले की तिची मुळे चालू लागतात. त्याखाली ती केवळ तग धरते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या रात्री येथे चांगल्याच गार असतात आणि टाकीतले पाणी सकाळी उशिरापर्यंत थंड राहते. म्हणून लावणीचा योग्य काळ म्हणजे शिवरात्रीनंतर थंडी ओसरल्यापासून गुढीपाडव्याच्या आसपासपर्यंतचा. तेव्हा लावलेले झाड मृगाच्या पावसाआधी पूर्ण वाढते आणि पावसाळ्यातले ढगाळ दिवस सहज निभावून नेते. जूनमध्ये लावलेल्या रोपाला मुळे धरण्याच्या वेळीच ऊन मिळत नाही, तर नोव्हेंबरात लावलेले रोप थंडीत अडकते.

मार्चमध्ये लावायचे असेल तर टाकीचे काम जानेवारीत सुरू करावे. टाकी मुरायला लागणारा काळ टाळता येत नाही.

टप्पा २: जागा

रोज किमान पाच ते सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडावी. परसात आंबा, फणस किंवा नारळ असेल तर त्याची सावली जानेवारीत कुठे पडते आणि एप्रिलमध्ये कुठे पडते हे वेगवेगळे पाहावे, कारण सूर्याचा मार्ग बदलतो आणि हिवाळ्यात उन्हात असलेली जागा उन्हाळ्यात सावलीत जाऊ शकते. झाडाखालची टाकी आणखी एका कारणाने नको: पडलेला पाला तळाशी कुजतो आणि पाणी काळे होते.

कारंजे लावायची हौस अनेकांना असते. लिलीला संथ पाणी लागते. पानांवर सतत पाणी उडत राहिले तर पाने कुजतात आणि वाढ थांबते. कारंजे हवेच असेल तर ते दुसऱ्या टाकीत करावे.

*तपासणी:* एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला त्या जागी ऊन आहे की नाही याची नोंद करावी. अंदाजावर विसंबू नये, कारण अंदाज नेहमी जास्तच निघतो.

टप्पा ३: टाकी

खोली ६० सेंटीमीटर असली तरी पुरते. महत्त्व पसाऱ्याला आहे. मोठ्या जातींचा पसारा दीड-दोन मीटरपर्यंत जातो, त्यामुळे सव्वा मीटर रुंदीच्या टाकीत एकच मध्यम जात लावावी. जागा कमी असेल तर तीन फुटी पसरट टब आणि लहान जात हा उत्तम मार्ग आहे.

बांधकाम जमीन पाहून ठरवावे. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडील तांबड्या, जांभ्या जमिनीत खड्डा चटकन पाझरतो, आणि चिऱ्याची भिंत आतून नीट गिलावा केल्याशिवाय पाणी धरत नाही. गोकाक, अथणी, सौंदत्तीकडील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जमिनीत बसवलेल्या सिमेंटच्या टाकीला तेथे तडे जातात. अशा ठिकाणी शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरून केलेले तळे किंवा जमिनीवर ठेवलेला टब अधिक टिकतो. कागद अंथरण्यापूर्वी खड्ड्यातील दगड-मुळ्या काढून खाली बारीक वाळूचा थर द्यावा.

टाकीची कड अंगणापेक्षा १५ सेंटीमीटर तरी वर असावी, म्हणजे पावसात अंगणातला तांबडा गाळ आत वाहून येणार नाही. काठाच्या खाली चार बोटांवर जाळी लावलेली सांडपाण्याची नळी अवश्य बसवावी. पुढे पावसाळ्यात तिचे मोल कळते.

*इशारा:* लहान मुले असलेल्या घरात दोन फूट पाणीही धोक्याचे असते. पाणी भरण्याआधी कठडा किंवा पाण्याच्या पातळीखाली मजबूत लोखंडी जाळी बसवावी. हे काम नंतरवर टाकू नये.

टप्पा ४: पाणी मुरवणे

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी क्षारीय होते. अशा पाण्यात लिलीची नवी पाने पिवळी पडतात आणि मासे मरतात. टाकीचे क्युरिंग पूर्ण झाल्यावर ती काठोकाठ भरावी, आठवडाभर ठेवावी, घासून रिकामी करावी आणि पुन्हा भरावी. असे निदान तीन-चार वेळा करावे. मधल्या एका भरणीत केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून ते कुजू द्यावेत आणि नंतर सर्व काढून टाकी धुवावी. आपल्याकडे मासे पाळणारे लोक सिमेंटच्या टाक्या याच पद्धतीने मुरवतात. कागदाच्या तळ्याला किंवा टबाला याची गरज नाही; एकदा स्वच्छ धुणे पुरे.

पाणी कोणते वापरावे हाही प्रश्न येतो. नळाचे पाणी दोन दिवस उघड्यावर ठेवले की त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. पूर्वेकडील तालुक्यांत बोअरचे पाणी जड असते आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरते. ते वापरायचे असेल तर महिन्यातून एकदा टाकीतले पाव हिस्सा पाणी काढून बागेला द्यावे आणि नवे भरावे. केवळ वरून भर घालत राहिल्यास पाणी उडून जाते, क्षार मात्र साचत राहतात.

भरल्यावर दोन-तीन आठवड्यांत पाणी हिरवे होईल. ते होऊ द्यावे. नव्या टाकीत शेवाळाची ही पहिली लाट येतेच, आणि लिलीच्या पानांनी पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग झाकला की ऊन न मिळाल्याने ती ओसरते. घाबरून दर आठवड्याला टाकी रिकामी करणारा माणूस प्रत्येक वेळी शेवाळाला नवी सुरुवात करून देतो.

*इशारा:* शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकू नये. त्याने मासे मरतात आणि लिलीच्या कोवळ्या पानांनाही इजा होते.

टप्पा ५: माती आणि कुंडी

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून येथे थोडे थांबावे. गुलाबासाठी आपण जे भुसभुशीत मिश्रण करतो, तेच लिलीला देण्याचा मोह होतो. पाण्याखाली ते मिश्रण घातक ठरते. कोकोपीट तरंगून वर येते, ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेणखत सडते, त्यातून वायूचे बुडबुडे निघतात, माती काळी पडून दुर्गंधी सुटते आणि गाभा, म्हणजे पाने जिथून फुटतात तो मधला भाग, कुजतो. गांडूळखताने पाण्यात अन्नद्रव्ये उतरतात व शेवाळाला मेजवानी मिळते.

लिलीला जड, चिकट आणि सेंद्रिय अंश बेताचा असलेली माती हवी. आपल्या भागात यासाठी भाताच्या खाचरातील मातीसारखी दुसरी माती नाही. चिखलणीने ती घट्ट झालेली असते, पाणी धरते आणि तिच्यात पुरेसा कस असतो. मात्र ज्या शेतात त्या हंगामात तणनाशक मारले असेल तेथील माती घेऊ नये; शेतकऱ्याला स्पष्ट विचारावे. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातील पोयटाही चालतो. काळी माती एकटीच वापरली तर ती फार घट्ट बसते, म्हणून तिचे तीन भाग आणि जाड वाळूचा एक भाग असे मिश्रण करावे. नुसत्या जांभ्या मातीत कस कमी असतो. तिच्यात निम्मा पोयटा मिसळावा.

माती वाळवून ढेकळे फोडावीत, काड्या-मुळ्या वेचाव्यात आणि मग पाणी घालून भाकरीच्या पिठाइतकी मळावी. कोरडी माती कुंडीत भरून ती पाण्यात उतरवली की आतली हवा बाहेर येताना माती उसळते आणि रोप उपटले जाते.

कुंडी उंच नसून पसरट असावी. मध्यम जातीला १० ते १५ लिटरचा टब किंवा मोठे प्लास्टिकचे घमेले योग्य; लहान जातीला ५ ते ७ लिटर पुरतात. तळाला भोके नसली तरी हरकत नाही, उलट खत बाहेर झिरपत नाही हा फायदाच आहे. कुंडी न वापरता टाकीच्या तळाशी थेट माती पसरण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही. पुढे झाड वर उचलणे, खत देणे, कंद काढणे ही सगळी कामे त्यामुळे अशक्य होतात.

*तपासणी:* मळलेल्या मातीचा लिंबाएवढा गोळा करून पाण्याच्या पेल्यात टाकावा. तासाभरानंतर तो बराचसा अखंड असेल आणि वर काही तरंगत नसेल, तर माती योग्य आहे.

टप्पा ६: आता रोप आणावे

दिवसा फुलणाऱ्या जाती सकाळी उशिरा उमलतात आणि दुपार उलटल्यावर मिटतात. रात्री फुलणाऱ्या जाती तिन्हीसांजेला उमलून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघड्या राहतात. नोकरीमुळे दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी रात्री फुलणारी जात घ्यावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे, नाहीतर फुले केवळ रविवारी दिसतात. ‘रेड फ्लेअर’ ही रात्री फुलणारी गडद लाल जात आहे. दिवसा फुलणाऱ्यांत ‘डायरेक्टर मूर’ गडद निळसर-जांभळी आहे. लहान टबासाठी आणि ऊन थोडे कमी असलेल्या जागेसाठी ‘डाउबेन’ सर्वांत विश्वासाची. तिच्या पानाच्या मध्यावर, देठ जिथे मिळतो तिथे, आपोआप बाळरोपे येतात.

घेताना फुलाकडे न पाहता गाभ्याकडे पाहावे. गाभा कडक असावा, मधून कोवळी पाने निघत असावीत आणि वास येता कामा नये. मऊ, तपकिरी, दुर्गंधी येणारा गाभा म्हणजे कूज; ते रोप फुकट मिळाले तरी आणू नये, कारण कूज टाकीतल्या इतर रोपांना लागते. पानांच्या खालच्या बाजूस गोगलगायींची चिकट, पारदर्शक अंडी असतात. ती बोटाने पुसून रोप स्वच्छ पाण्यात धुवावे.

रोप कुरिअरने आले असेल तर ते उघडताच पसरट भांड्यात पाण्यावर सोडावे आणि सावलीत ठेवावे. मुळे वाऱ्यावर उघडी राहता कामा नयेत.

टप्पा ७: लावणी

क्रम असा ठेवावा. कुंडीत निम्म्यापर्यंत मळलेली माती भरावी. त्यावर खताचे गोळे (कृती टप्पा ९ मध्ये) कडेच्या बाजूस दाबावेत, मधोमध नव्हे. वर पुन्हा माती भरून काठाखाली तीन बोटे जागा ठेवावी. रोपाची पिवळी व मोडकी पाने कापावीत. कुंडीच्या मध्यभागी खळगा करून मुळे पसरावीत आणि माती ओढून घ्यावी. गाभा मातीच्या पातळीवर, उघडा राहिला पाहिजे. शेवटी मातीवर बारीक खडीचा बोटभर थर द्यावा, गाभ्याभोवती मात्र चार बोटे जागा मोकळी सोडावी.

गाभा मातीत पुरला जाणे हे लिली मरण्याचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. रोप वर येऊ नये म्हणून माणूस ते खोल दाबतो आणि नेमके तेच त्याच्या मुळावर येते. रोप तरंगतच असेल तर मुळांच्या भागावर एक चपटा दगड ठेवावा.

*तपासणी:* लावून झाल्यावर कुंडी वरून पाहावी. कोवळ्या पानांचे टोक दिसत असेल तरच पुढे जावे.

टप्पा ८: टप्प्याटप्प्याने खोल नेणे

लावलेली कुंडी थेट तळाशी सोडू नये. कोवळी पाने पाण्यापर्यंत पोहोचेपर्यंत साठवलेल्या अन्नावर जगतात, आणि अंतर जास्त असेल तर रोप थकून जाते. तळाशी चिरे किंवा विटा रचून गाभ्यावर १० ते १५ सेंटीमीटरच पाणी राहील अशी कुंडी ठेवावी. चार-पाच पाने पसरली की एक वीट काढावी, पुन्हा पाने वर येऊ द्यावीत, मग दुसरी काढावी. शेवटी गाभ्यावर २५ ते ४० सेंटीमीटर पाणी असावे. लहान जातींना १५ ते २० पुरते. नव्या विटांतून माती सुटते, त्यामुळे आधी त्या भिजवून धुवाव्यात.

चांगल्या उन्हात दीड-दोन महिन्यांत पहिली कळी दिसते. तोवर धीर धरावा. कळी नाही म्हणून खत वाढवणे किंवा कुंडी हलवत राहणे दोन्ही नुकसानीचे आहे.

टप्पा ९: खत आणि रोजची निगा

ही लिली खादाड आहे. खत मात्र पाण्यात नको, मातीच्या आत हवे. १९:१९:१९ सारखे विरघळणारे खत किंवा युरिया टाकीत टाकल्यास त्यावर शेवाळच वाढते. पाण्यातल्या वनस्पतींसाठीच्या मंद विरघळणाऱ्या गोळ्या मिळाल्यास उत्तम, नाहीतर घरी करता येतात: सहज मिळणारे १०:२६:२६ खत चहाचा एक चमचा घेऊन ते चिकट मातीच्या लिंबाएवढ्या गोळ्यात मधोमध भरावे आणि गोळा सावलीत कडक वाळवावा. १० लिटरच्या कुंडीत असे दोन गोळे, गाभ्यापासून दूर, कडेच्या बाजूस, हात मनगटापर्यंत जाईल इतके खोल दाबावेत आणि भोक मातीने बुजवावे. मार्च ते मे दर महिन्याला आणि पावसानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा, इतके पुरे.

पाने लहान व फिकट होऊ लागली तर भूक समजावी. पाने मोठी, गर्द हिरवी असून फूल नसेल तर ऊन कमी पडते आहे. तेथे खताने काही साधणार नाही.

पिवळे पान आणि तीन-चार दिवस फुलून पाण्यात बुडालेले फूल देठासह गाभ्याजवळून कापून काढावे. पाण्याचा सुमारे ६० ते ७० टक्के भाग पानांनी झाकलेला असावा. त्याहून अधिक झाल्यास जुनी पाने काढावीत. एप्रिल-मेमध्ये पाण्याची पातळी रोज अर्धा सेंटीमीटरहून अधिक उतरते, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी हलक्या धारेने भर घालावी. लहान काळे टब या दिवसांत फार तापतात. त्यांना दुपारी दोननंतर सावली मिळाली तर बरे.

डासांसाठी गप्पी मासे सोडावेत आणि ते गटारात वा ओढ्यात जाऊ नयेत याची काळजी घ्यावी. कोई मासे नकोत. ते माती उकरतात. पानांवर काळा मावा आला तर पाने गोणपाटाने काही तास पाण्याखाली दाबून ठेवावीत किंवा पाण्याच्या फवाऱ्याने धुवावीत, म्हणजे मावा सुटतो आणि मासे तो खातात. पानांचे लंबगोल तुकडे कापून त्यांचे कवच करणारी अळी हाताने वेचावी. मासे असलेल्या टाकीत कीटकनाशक किंवा निंबोळी तेल फवारू नये.

टप्पा १०: पावसाळा

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून अखेरीपासून ऑगस्टपर्यंत अनेक दिवस ऊन दिसत नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडे तर पाऊस उघडतच नाही. या काळात फुले कमी होणारच. ते आजारपण नव्हे. खत थांबवावे, सांडपाण्याच्या नळीची जाळी दर आठवड्याला साफ करावी आणि कौलांवरून पडणारी पागोळी थेट टाकीत येत असेल तर ती पन्हाळ लावून वळवावी. पाणी सतत ओसंडून वाहिले तर गप्पी वाहून जातात आणि कुंडीतली वरची मातीही सुटते. पाणी गढूळ झाले तरी ते उपसू नये. दोन दिवसांत गाळ बसतो.

टप्पा ११: थंडी आणि कंद

दिवाळीपर्यंत खताचा शेवटचा गोळा दिलेला असला पाहिजे. पुढे पाने लहान होतील, फुले थांबतील. कुंडी पुन्हा विटांवर उचलून गाभ्यावर १५ सेंटीमीटर पाणी ठेवावे, कारण वरचा थर दिवसा उन्हाने लवकर कोमट होतो. या काळात कुंडी बदलणे, झाड विभागणे, मुळे छाटणे यांपैकी काहीही करू नये. थंडीत झालेली जखम भरत नाही आणि कूज तेथूनच शिरते.

सर्व पाने गेली तरी झाड मेले असे समजून माती फेकू नये. गाभ्याखाली सुपारीपासून अक्रोडापर्यंतच्या आकाराचे कडक कंद असतात. ते काढून धुवावेत, मऊ असलेले टाकावेत आणि उरलेले बरणीत जेमतेम ओलसर वाळूत ठेवून घरातच, अंधाऱ्या कपाटात ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. महिन्यातून एकदा बरणी उघडून कुजका कंद असल्यास काढावा आणि प्रत्येक बरणीवर जातीचे नाव लिहावे, कारण कंद पाहून जात ओळखता येत नाही.

फेब्रुवारी अखेरीस हे कंद पसरट भांड्यात, मातीवर अर्धवट टेकवून, दहा सेंटीमीटर पाण्यात उन्हात ठेवावेत. कंदातून बारीक दोरा निघून त्याच्या टोकाला नवे रोप येते. त्याला चार-पाच पाने आणि स्वतःची मुळे आली की दोरा कापून रोपच तेवढे टप्पा ७ प्रमाणे लावावे. कंदासकट खोल लावणारे येथे फसतात. कंद भांड्यातच राहू द्यावा, म्हणजे तो पुन्हा फुटून दुसरे रोप देतो.